लायझा मिनेली, पेट शॉप बॉईज आणि ‘रिझल्ट्स’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लायझा मिनेलीचा ‘रिझल्ट्स’ हा अल्बम मी गेली तीस वर्षं तरी ऐकतेय, आणि २०१७ ला त्याचं मोठं एडिशन निघाल्यापासून ज्याला ज्याला ऐकवलं त्या प्रत्येकाने साधारण हेच प्रश्न विचारले, मग म्हटलं एकदाच सगळं एका जागी लिहून टाकावं. काही उत्तरं लांबलीत कारण तिथे सांगण्यासारखं भरपूर आहे, काही दोन ओळीत उरकलीत.

हा नक्की कुठला अल्बम? कव्हरवर तर एकट्या लायझाचं नाव आहे.

हो, नाव एकटीचं आहे पण अल्बम तिघांचा आहे. ऑक्टोबर १९८९ ला एपिक कंपनीने काढला, दहा गाणी, त्यातली सात पेट शॉप बॉईज या ब्रिटिश पॉप जोडीने म्हणजे नील टेनंट आणि क्रिस लो या दोघांनी लिहिलेली, आणि प्रोड्यूसही त्यांनीच केलाय, सोबत ज्युलियन मेंडलसन. सातातली दोन गाणी त्यांच्या स्वतःच्या जुन्या अल्बममधली, ‘टुनाईट इज फॉरएव्हर’ १९८६ च्या ‘प्लीज’मधलं आणि ‘रेंट’ १९८७ च्या ‘अ‍ॅक्चुअली’मधलं, बाकीची पाच नवी. उरलेली तीन दुसऱ्यांची: स्टीवन सॉन्डहाइमचं ‘लूजिंग माय माइंड’, तनिता टिकारामचं ‘ट्विस्ट इन माय सोब्रायटी’ आणि यव्होन एलिमनने १९७९ मध्ये गायलेलं ‘लव्ह पेन्स’. एखादा गायक एक-दोन गाणी दुसऱ्याकडून करून घेतो ते वेगळं, इथे गाणी निवडण्यापासून ठेक्यापर्यंत सगळ्यावर त्या दोघांचा हात आहे म्हणून मी याला जोडीचाच अल्बम म्हणते.

लायझा मिनेली म्हणजे ‘कॅबरे’वालीच ना?

तीच. गायिका-अभिनेत्री ज्युडी गार्लंड आणि दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेली यांची मुलगी, जन्म १२ मार्च १९४६. १९६५ ला, एकोणिसाव्या वर्षी, ब्रॉडवेवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाटकांतल्या, कामासाठी टोनी अवॉर्ड, मग ‘कॅबरे’ या सिनेमासाठी ऑस्कर आणि ‘लायझा विथ अ झी’ या टीव्हीवरच्या कार्यक्रमासाठी एमी. म्हणजे पॉप सिंगर नाहीच ती, स्टेजची बाई. आणि गंमत बघा, १९८८-८९ ला ती फ्रँक सिनात्रा आणि सॅमी डेव्हिस ज्युनियरबरोबर मोठ्या हॉलमधून टूर करत होती, डीन मार्टिन मध्येच सोडून गेला त्याच्या जागी तिला घेतलं होतं, मागे भला मोठा बँड, समोर हजारो लोक, सगळी जुनी गाणी. त्याच दिवसांत लंडनमध्ये ती या दोघांबरोबर सिंथसायझरवर गात होती, हे एकत्र डोळ्यासमोर आणलं की मला अजून नवल वाटतं.

आणि पेट शॉप बॉईज?

ज्यांनी ‘वेस्ट एंड गर्ल्स’ ऐकलंय त्यांना सांगायला नको. नील टेनंट आधी ‘स्मॅश हिट्स’ या पॉप मासिकात काम करायचा, क्रिस लो आर्किटेक्चर शिकत होता, १९८१ ला लंडनच्या किंग्ज रोडवर एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दोघांची ओळख झाली. १९८६ ते ८८ या तीन वर्षांत ब्रिटनमध्ये चार नंबर वन गाणी दिली. १९८९ ला ते अगदी तेजीत होते आणि आयुष्यातली पहिली टूर त्यांनी त्याच वर्षी केली, त्यासाठीच्या फिल्म दिग्दर्शक डेरेक जार्मनने केल्या होत्या. म्हणजे हा अल्बम कोणी रिकामपणी केलेला नाही, दोन्ही बाजूंना श्वास घ्यायला वेळ नसताना झालेला आहे.

हे लोक एकत्र आले कसे?

किस बँडचा जीन सिमन्स, तोच तो तोंड रंगवून जीभ बाहेर काढणारा, त्या काळात लायझाच्या रेकॉर्डिंगचं काम बघायचा, एपिकशी करार झाला त्यात तो होता. आता कंपनीपुढे प्रश्न असा की हिच्याकडून गाऊन काय घ्यायचं. पण त्याचं उत्तर दोन वर्षांपूर्वीच एका गाण्याने दिलं होतं. डस्टी स्प्रिंगफील्ड, साठच्या दशकातली एवढी मोठी गायिका, ऐंशीच्या दशकात लोक तिला जवळजवळ विसरले होते, तिला पेट शॉप बॉईजनी १९८७ ला ‘व्हॉट हॅव आय डन टू डिझर्व्ह धिस?’ गायला बोलावलं आणि ते गाणं ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे दोन नंबरला गेलं. म्हणजे थोरल्या गायिकेला तरुण दाखवायची धडपड न करता, ती आहे तशी नव्या आवाजात उभी करायची हे या दोघांना जमतं हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

‘लूजिंग माय माइंड’ हे नाटकातलं इतकं सुंदर गाणं, त्याला डिस्कोचा ठेका लावून वाट लावली असं नाही वाटत?

नाही, अजिबात नाही, आणि यावर मी जरा सविस्तर बोलणार आहे कारण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय.

मूळ गाणं सॉन्डहाइमच्या ‘फॉलीज’ या १९७१ च्या ब्रॉडवे म्युझिकलमधलं. एक जुनं थिएटर पाडणार असतात, त्याच्या आदल्या दिवशी तिथे पूर्वी काम केलेल्या बायका आपापल्या नवऱ्यांना घेऊन जमतात. त्यातली सॅली, लग्न एकाशी झालंय पण जीव अजून दुसऱ्यातच अडकलाय, ती शेवटाकडे एकटी उभी राहून हे गाणं म्हणते. पहिल्यांदा ते डोरोथी कॉलिन्सने म्हटलं. लंडनला हे नाटक १९८७ मध्ये शाफ्ट्सबरी थिएटरला आलं, म्हणजे पेट शॉप बॉईजच्या रेकॉर्डिंगच्या अगदी दोनच वर्षं आधी. गाणं मुद्दाम जुन्या विरहगीतांच्या वळणाने लिहिलेलं आहे. सकाळ होते तोच डोक्यात, कॉफी घेताना तोच डोक्यात, दिवसभर घरातलं काम चाललंय पण मनात एकच, रात्री झोप नाही.

आता आपल्याकडच्या नाट्यपदाचा विचार करा. गायक पद रंगवतो तेव्हा ऑर्गन आणि तबला त्याच्या मागे मागे असतात, तो एखाद्या शब्दावर थांबला की संगतकार थांबतात, त्याने लय सैल सोडली की तेही सोडतात. ब्रॉडवेच्या संथ गाण्यांचं तसंच आहे, बॅटन हातात घेऊन खाली उभा असलेला माणूस वर गाणाऱ्या बाईच्या ओठांकडे बघत असतो. ‘लूजिंग माय माइंड’ नेहमी असंच गायलं जातं, थांबत थांबत, एकेक ओळ सुटी करून, आणि खरं सांगायचं तर ते फार आरामशीर वाटतं, बाईला वेड लागायची वेळ आलीय पण तिच्याकडे वेळच वेळ आहे.

मशीन असं वाट बघत नाही. सिक्वेन्सर, म्हणजे ठेका आपोआप वाजवत राहणारं यंत्र, सुरू झाला की झाला, तो लायझासाठी एक मात्राही थांबणार नाही. डोक्यात एकच विचार फिरत राहतो आणि बंद करता येत नाही, तो विचार म्हणजेच तो ठेका आहे, आणि बाई त्याच्यावर स्वार होऊन गात नाहीये, त्याच्या पुढे धापा टाकत पळतेय. मला वाटतं सॉन्डहाइमच्या शब्दांमधली ती न थांबणारी चक्की या दोघांना दिसली आणि त्यांनी ती ऐकू येईल अशी केली. संथ म्हटलं की हे गाणं दुःखाचं होतं. असं म्हटलं की भीतीचं होतं, आणि गाण्याचं नावच ‘वेड लागतंय मला’ आहे!

ऑगस्ट १९८९ मध्ये हे सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं, ब्रिटनमध्ये सहाव्या नंबरवर गेलं. ब्रिटनच्या टॉप टेनमध्ये गेलेलं लायझाचं हे एकमेव सिंगल, ऑस्करवाली, टोनीवाली बाई, आणि पॉप चार्टवर पोचली ती अशी.

लायझाचा आवाज इथे नेहमीसारखा मोठा का नाही?

हे ज्याच्या लक्षात आलं त्याचे कान चांगले आहेत. ती आयुष्यभर शेवटच्या रांगेसाठी गात आली. थिएटरमधला गायक शब्द फेकतो, हात पसरतो, शेवटचा सूर लांबवतो आणि लोक टाळ्यांना उठतात, ते तिच्या रक्तात आहे. इथे माईक ओठांपाशी आहे आणि मागचं सगळं संगीत वायरमधून आलेलं आहे, त्यामुळे तिने आवाज चढवला नाही तरी तो सगळ्याच्या पुढे ऐकू येतो. ती एका माणसासाठी गातेय.

एक जागा सांगते, हेडफोन लावून ऐका. ‘डोन्ट ड्रॉप बॉम्ब्स’ हे भांडणाचं गाणं आहे, समोरचा सहज बोलता बोलता मनाला लागेल असं काहीतरी टाकून जातो आणि ती म्हणतेय असे बॉम्ब टाकू नकोस. त्यात ती ओळी अर्ध्या बोलते अर्ध्या गाते, आपण स्वयंपाकघरात दात आवळून भांडतो ना, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून, तसा तो आवाज आहे. स्टेजवर हे करताच येत नाही, चौथ्या रांगेच्या पुढे पोचणारच नाही.

अल्बममधलं सगळ्यात चांगलं गाणं कुठलं?

‘रेंट’. बाकी कोणाला काहीही वाटो.

पेट शॉप बॉईजचं मूळ ‘रेंट’ १९८७ चं, ब्रिटनमध्ये आठव्या नंबरपर्यंत गेलेलं, नीलचा तो सरळ, भावना न दाखवणारा आवाज आणि मागे सिंथचा ठेका. बोलणारी व्यक्ती सांगते की तू मला कपडे घेतोस, खायला घालतोस, माझं तुझ्यावर प्रेम आहे, तू माझं भाडं भरतोस. नीलने सांगितलंय की त्याच्या डोळ्यासमोर एक ठेवलेली बाई होती. पण त्याच्या तोंडून ऐकताना ते कोडं राहतं, हा खरं बोलतोय की टोमणा मारतोय, नक्की कळत नाही, आणि ते गाण्याला शोभतंच.

लायझाच्या गाण्यात ठेका काढूनच टाकलाय. ऑर्केस्ट्रा आहे आणि ती आहे. शब्द तेच, पण आता ते बोलणारी बाई चाळिशी पार केलेली आहे आणि तिला हिशोब पाठ आहे, कोणी काय दिलं आणि त्याबदल्यात आपण काय दिलं. बैठकीच्या लावणीत असतो तसा भाव आहे, बाई समोर बसून अदब राखून बोलतेय, आवाज चढत नाही, तक्रारही नाही, पण ऐकणाऱ्याला नजर खाली घालावीशी वाटते. प्रेम आणि भाडं हे दोन शब्द एका ओळीत येतात तेव्हा नीलच्या गाण्यात मला विचार करावासा वाटतो, लायझाच्या गाण्यात गप्प बसावंसं वाटतं.

आणि हे इतकं जाणवतं त्याचं कारण क्रमात आहे. आधीच्या गाण्यांत मशीन सतत मागे लागलेलं आहे, मग अचानक ते बंद होतं. घरात दिवसभर पंखा चालू असतो आणि लाईट गेल्यावर पहिल्यांदा कळतं की तो किती वाजत होता, तसं.

ऑर्केस्ट्रा कोणाचा? सिंथ-पॉपमध्ये व्हायोलिनं कशाला?

‘रेंट’ची ऑर्केस्ट्राची मांडणी अँजेलो बादलामेंतीची आहे, तोच ज्याने नंतर ‘ट्विन पीक्स’ या टीव्ही मालिकेचं संगीत केलं. पेट शॉप बॉईजबरोबर त्याने आधी ‘अ‍ॅक्चुअली’वर ‘इट कुडन्ट हॅपन हिअर’साठी काम केलं होतं. या अल्बमवर दुसरं नाव अ‍ॅन डडलीचं, ‘आर्ट ऑफ नॉईज’ या बँडची, जी सॅम्पलर (आवाज साठवून वाजवणारं यंत्र) आणि तंतुवाद्यं दोन्हीकडे सारख्याच सहजतेने वावरते. व्हायोलिनं कशाला याचं उत्तर असं की नील आणि क्रिसला डिस्को आधीपासूनच आवडायचा, आणि सत्तरच्या दशकातला चांगला डिस्को व्हायोलिनांशिवाय होतच नव्हता.

बाकीची गाणी कशी आहेत?

सगळीच सारखी नाहीत हे मान्य करते. ‘आय वॉन्ट यू नाऊ’ सुरुवातीचं, धडाकेबाज, चांगलं आहे पण लक्षात राहतं ते दुसऱ्या नंबरचं ‘लूजिंग माय माइंड’च. ‘लव्ह पेन्स’ नाचायला मस्त, त्यापलीकडे मला फार काही सापडलं नाही. ‘सो सॉरी, आय सेड’ हे मात्र सोन्यासारखं आहे, चूक त्याची आणि माफी दर वेळी ही मागते, कितीतरी घरांतली गोष्ट आहे ती, आणि लायझा ते बिचारेपणा न आणता म्हणते. ‘टुनाईट इज फॉरएव्हर’ मूळ ‘प्लीज’वर नाचाचं होतं, इथे संथ झालंय आणि त्यातला तरुण पोरांचा बेफिकीरपणा जाऊन तिथे काळजी आलीय, उद्या काय होणार माहीत असलेली. शेवटचं ‘आय कान्ट से गुडनाईट’ रात्री उशिरा ऐकायचं, दिवसा त्याला काही अर्थ नाही.

‘ट्विस्ट इन माय सोब्रायटी’बद्दल थोडं जास्त. तनिता टिकारामने ते गाणं आणलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, वडील फिजीतल्या भारतीय वंशाचे, आई मलेशियाची, जन्म जर्मनीतला आणि वाढली इंग्लंडमध्ये. १९८८ चं तिचं मूळ गाणं म्हणजे तो खर्जातला आवाज आणि ओबो. कोड्यासारखे शब्द आहेत, अर्थ लावत बसलं की निसटतात. पण ‘सोब्रायटी’ हा शब्द लायझाच्या तोंडून येतो तेव्हा त्याला वजन येतं, १९८४ ला ती बेटी फोर्ड सेंटरमध्ये व्यसनावर उपचार घेऊन आली होती आणि त्याबद्दल ती उघड बोलत आलीय. विशीही न गाठलेल्या मुलीने लिहिलेला शब्द एका त्रेचाळीस वर्षांच्या बाईने जगून पाहिला होता. त्याला नाचाचा ठेका लावलाय हे काहींना खटकतं, मला नाही खटकत.

‘इफ देअर वॉज लव्ह’च्या शेवटी ती काय म्हणते?

शेक्सपिअर. सॉनेट क्रमांक ९४. ठेका चालूच आहे आणि लायझा ते सॉनेट वाचते, ज्यांच्या हातात दुसऱ्याला दुखवायची ताकद आहे आणि तरी जे दुखवत नाहीत अशा माणसांबद्दलचं, ज्याचा शेवट सडलेल्या लिलीच्या वासावर होतो, की सडलेली लिली तणापेक्षाही वाईट वास मारते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मध्येच रेडिओ लागला! आता वाटतं हे फक्त यांनाच सुचू शकतं, क्लबच्या गाण्यात चारशे वर्षांपूर्वीची कविता, आणि तीही अशा बाईच्या आवाजात जिला शब्द कसा टाकायचा हे पक्कं ठाऊक आहे.

हा अल्बम गे लोकांमध्ये इतका प्रिय का?

यात बऱ्याच गोष्टी आहेत. लायझाची आई ज्युडी गार्लंड, तिच्यावर त्या समाजाने पिढ्यान् पिढ्या माया केली आणि ती माया लायझाकडे आपसूक आली. नाचायची गाणी त्यांच्याच क्लबमध्ये आधी वाजायची. पण १९८९ चा ब्रिटन आठवायला हवा. एड्सने माणसं जात होती, ज्यांच्याबरोबर काल नाचलो ती आज नाहीत अशी अवस्था. आणि १९८८ ला थॅचर सरकारने कलम २८ आणलं, स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेला उत्तेजन द्यायचं नाही असा कायदा, इंग्लंडमध्ये तो २००३ पर्यंत टिकला. नील टेनंट स्वतः गे असल्याचं जाहीर बोलला ते १९९४ ला. म्हणजे त्या काळात हे सगळं उघड म्हणायची सोय नव्हती, एखाद्या बाईच्या आवाजातून म्हणता येत होतं. झोप नाही, एकाच माणसाचा विचार, कोणाला सांगायची चोरी. हे डोक्यात ठेवून ‘टुनाईट इज फॉरएव्हर’ परत ऐका, आजची रात्र कायमची हे वाक्य त्या वर्षी त्या खोलीत नाचणाऱ्याला काय वाटलं असेल.

तेव्हा अल्बम चालला का?

ब्रिटनमध्ये चांगलाच, अल्बमच्या चार्टवर सहाव्या नंबरपर्यंत गेला आणि गोल्डही झाला. नंतरच्या सिंगल्सना मात्र ‘लूजिंग माय माइंड’ची सर आली नाही: ‘डोन्ट ड्रॉप बॉम्ब्स’ ४६, ‘सो सॉरी, आय सेड’ ६२, ‘लव्ह पेन्स’ ४१. ‘सो सॉरी’ बासष्टवर थांबलं याचं मला आजही वाईट वाटतं. अमेरिकेत, तिच्या स्वतःच्या देशात, तो फारसा हलला नाही.

२०१७ च्या एडिशनमध्ये नवीन काय आहे?

चेरी रेड कंपनीच्या स्ट्राइक फोर्स एंटरटेनमेंट या लेबलने काढलंय, तीन सीडी आणि एक डीव्हीडी. मूळ दहा गाणी रीमास्टर केलेली, मग सिंगल्सचे बारा इंची रेकॉर्डींवरचे आणि इतर रीमिक्स, आणि डीव्हीडीवर १९९० च्या ‘व्हिजिबल रिझल्ट्स’ या व्हिडिओ कॅसेटमधली गाणी. आधी हे रीमिक्स गोळा करायचे तर जुन्या रेकॉर्डी एकेक करून शोधायला लागायच्या, आता एका डब्यात आहेत.

रीमिक्स सगळे ऐकवत नाहीत, सात-सात मिनिटं तोच ठेका चाललाय असे काही आहेत. पण ते क्लबसाठी केलेले होते, घरी बसून चहा पिताना त्यांच्याकडून वेगळी अपेक्षा करणं बरोबर नाही. त्यातला खरा फायदा असा की रीमिक्समध्ये मध्येच वाद्यं काढून घेतात आणि लायझाचा आवाज थोडा वेळ उघडा पडतो, तेव्हा कळतं ती श्वास कुठे घेते.

माझ्याकडे १९८९ ची जुनी सीडी आहे, नवीन घेऊ का?

फक्त दहा गाण्यांसाठी नको. रीमास्टरमध्ये बास मोकळा झालाय आणि ‘रेंट’मधल्या व्हायोलिनांना मला जास्त हवा मिळाल्यासारखी वाटते, पण जुनी सीडीही छान वाजते. रीमिक्स आणि व्हिडिओ हवे असतील तर घ्या.

आपल्याकडे असं कधी झालंय का?

मला लगेच ‘रंगीला’ आठवतो. १९९५ ला ए. आर. रहमानने आशाताईंकडून ‘तनहा तनहा’ गाऊन घेतलं, त्या साठी ओलांडलेल्या आणि पडद्यावर उर्मिला मातोंडकर. तिथेही आवाज तरुण करायचा आटापिटा नव्हता, नव्या ठेक्यात त्यांच्या त्याच जुन्या जागा आणि हरकती होत्या. आणि ब्रिटिश पॉपशी तर आशाताईंचा थेट संबंध आलाय, बॉय जॉर्जच्या १९९१ च्या ‘बाऊ डाऊन मिस्टर’मध्ये त्या गायल्यात. फरक इतकाच की ‘रिझल्ट्स’मध्ये एकाच जोडीने पूर्ण अल्बमभर एकाच गायिकेचा विचार केलाय.

हा आवडला, आता पुढे काय ऐकू?

डस्टी स्प्रिंगफील्डचा १९९० चा ‘रेप्युटेशन’, त्यातली काही गाणी पेट शॉप बॉईजनीच केलीत, ‘नथिंग हॅज बीन प्रूव्ह्ड’ तर ऐकाच. डिसेंबर १९८९ चं इलेक्ट्रॉनिक या बँडचं ‘गेटिंग अवे विथ इट’, त्यात नील आहे आणि व्हायोलिनांची मांडणी अ‍ॅन डडलीची. आणि ‘लूजिंग माय माइंड’ पेट शॉप बॉईजनी स्वतःही केलंय, १९९१ च्या ‘जेलसी’ सिंगलच्या मागच्या बाजूला. ‘सो सॉरी, आय सेड’चा नीलच्या आवाजातला कच्चा डेमो त्यांच्या ‘इन्ट्रोस्पेक्टिव्ह’ या अल्बमच्या २००१ च्या एडिशनबरोबर आला. दोन्ही ऐकल्यावर माझं तरी मत पक्कं झालं, गाणी त्यांची असली तरी बाई लायझाच हवी.

तुम्हाला हा अल्बम पहिल्यांदा कुठे मिळाला?

पुण्यात, कॉलेजमध्ये असताना, भरून घेतलेल्या कॅसेटवर. तेव्हा कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दुकानात दिली की दोन दिवसांनी भरून मिळायची. मैत्रिणीच्या मामांनी लंडनहून एलपी आणली होती, ती आम्ही पिशवीत उभी धरून बसमधून नेली, वाकू नये म्हणून दोघींपैकी कोणी बसलंसुद्धा नाही. मी साठ मिनिटांची कॅसेट दिली आणि वर हट्ट केला की सगळ्यात आधी ते डस्टीचं गाणं टाका. दुकानदाराने टाकलं, आणि त्यामुळे पुढचा सगळा हिशोब चार मिनिटांनी सरकला, सातव्या गाण्याशी पहिली बाजू संपली. ‘रेंट’ सुरू व्हायचं, जेमतेम पहिलं कडवं व्हायचं आणि खटकन बटण वर यायचं. दुसरी बाजू थेट ‘लव्ह पेन्स’पासून. एलपी तोवर परत गेली होती.

कितीतरी वर्षं मी ‘रेंट’ तेवढंच ऐकलं. पुढचं मनानेच रचलं होतं, शेवटच्या कडव्यात ती उठते, बॅग भरते आणि त्याला सोडून जाते असं मला पक्कं वाटायचं. पूर्ण गाणं ऐकायला मिळालं तेव्हा माझं लग्न झालेलं होतं. नाही जात ती.